मोहाखालची झाडलेली जमीन

घराला कुलूप होते आणि मोहाखालची जमीन झाडलेली होती.

कुरखेड्यापासून थोड्या अंतरावरच्या त्या गावात आम्ही घर पाहायला पहिल्यांदा गेलो तेव्हा माघ सुरू होता. मालकाच्या सांगण्यानुसार घर दोन वर्षे बंद होते. ओसरीवर धूळ, छपराच्या कवेलूंमध्ये पानांचा थर, कुलपाला गंज; हे सगळे त्यांच्या सांगण्याशी जुळत होते. अंगणाच्या पूर्वेकडचा मोह तेवढा जुळत नव्हता. त्याच्या फांद्या जिथवर पसरल्या होत्या तिथवरची जमीन कोणीतरी खराट्याने स्वच्छ केली होती. पाचोळा कडेला ओढून जाळला होता. मी वाकून राखेत बोट घातले. ती भुरभुरीत होती, दवाने पुरती बसलेली नव्हती. म्हणजे काम कालचे किंवा परवाचे.

मी चंद्रपूरच्या एका दैनिकात तीसेक वर्षे उपसंपादक होतो. त्यातली बरीच वर्षे जाहीर नोटिसांचे पान माझ्याकडे होते. ‘सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असल्याची हमी लिहून देणार यांनी दिली असून, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत...’ असा मजकूर मी इतक्या वेळा तपासला आहे की तो मला झोपेतही म्हणता येईल. एकदा एकाच घराच्या दोन नोटिसा आठ महिन्यांच्या अंतराने माझ्याच पानावर आल्या. विकणारा एकच, घेणारे दोन. माझ्या लक्षात आले तेव्हा दुसरी नोटीस छापून झाली होती. त्यानंतर कोणी घराबद्दल चांगले बोलू लागले की मी आधी त्याच्या हातातले कागद पाहतो.

घर आम्हाला पत्नीसाठी हवे होते. चंद्रपूरची हवा तिला सोसत नव्हती. तीन हिवाळे तिने उशीला पाठ टेकवून, बसल्या बसल्या झोप घेत काढले. डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितले की पुढचा हिवाळा इथे काढू नका. ती मूळची गोंडपिपरीकडची; फ्लॅट नको, जमिनीवरचे घर हवे, असे तिचे म्हणणे होते. कुरखेड्याचे हे घर तिच्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी सुचवले. पावसाआधी व्यवहार झाला, कवेलू फेरून, म्हणजे काढून पुन्हा बसवून झाले, तर दिवाळीपर्यंत राहायला जाता आले असते. एवढाच वेळ होता.

त्या दिवशी तिने पदराने ओसरीचा एक कोपरा झटकला आणि बसली. अर्ध्या तासात ती एकदाही खोकली नाही. मी घड्याळ लावून पाहिले.

मालक एका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी वडशाला दिलेली. तिच्याकडेच ते राहायला गेले होते. भिंतीवर दोन तसबिरींच्या जागी दोन चौकोनी फिकट डाग होते. तसबिरी त्यांनी वडशाला नेल्या होत्या, बाकी सामान नेले नव्हते. मी त्यांना मोहाखाली नेले.

“इथे कोण झाडून गेलं, भाऊ?”

“मोहवाली.”

“तुमच्या नात्यातली आहे?”

“नाई जी. गावातली गोंडीण बाई आहे.”

“मग तुमच्या अंगणात कशाला येते?”

“अंगणात कुठी येते? मोहाखाली येते.”

पत्नी हसली. मी ते उत्तर वहीत लिहून घेतले. उडवाउडवीची उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवायची सवय मला नोकरीत लागली होती.

चंद्रपूरला आल्यावर वकिलाकडे गेलो. तो शाळेपासूनचा मित्र, दिवाणी दाव्यांत मुरलेला. मोहवालीचे सांगून झाल्यावर, पण घर बंद आहे, कुलूप आहे, असे मी सांगायला लागलो तर त्याने मध्येच थांबवले.

“कुलूप नको सांगू मले. खराटा कोणाच्या हातात हाय ते सांग.”

त्याला दोन शंका होत्या. एक, कोणी बारा वर्षे उघडपणे जागेचा ताबा ठेवला असेल तर तो उद्या मालकीचा दावा सांगू शकतो; झाडलेली जमीन हा ताब्याचा पुरावा होऊ शकतो. दुसरी शंका मोठी होती. बाई आदिवासी. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. ही जागा कधीकाळी तिच्या घराण्याची असेल आणि परवानगीशिवाय हातबदल झाला असेल, तर आजच्या मालकाचे नाव कागदावर असूनही उपयोग नाही. विकणारे आदिवासी नव्हते, मीही नव्हतो.

“म्हातारा काहीतरी लपवून राह्यला,” वकील म्हणाला. “इतका साधा माणूस घर विकायले निघत नाई.”

मला ते पटले.

पुढचा दीड महिना मी कागदांमागे होतो. ग्रामपंचायतीतला ‘नमुना आठ’ हा कागद मालकांच्या नावावर होता. पण तो घरपट्टीचा उतारा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. पुष्कळ लोकांना हे घर विकायला निघाल्यावर कळते. सुदैवाने गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली होती आणि मिळकत पत्रिका निघाली होती. तीही मालकांच्या नावावर. वरून काढलेल्या छायाचित्रात घराचा पूर्वेकडचा कोपरा दिसत नव्हता, तिथे मोहाचा शेंडा होता. मोजणी करणाऱ्याने कोपऱ्याची रेघ झाडाखालून अंदाजाने नेली होती. वकिलाने नोंदणी कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेतला. मी स्वतः तहसीलच्या अभिलेख कक्षात तीन दिवस जुने कागद उलगडत बसलो. गावच्या जुन्या जमीनदाराने, मालगुजाराने, मालकांच्या आजोबांना राहायला दिलेली जागा. आजोबा, वडील, मग हे. गहाण नाही, दावा नाही, वाटणी नाही. आदिवासी खातेदाराचे नाव कुठेही नाही.

आणि मोहाचे झाडही कुठेही नाही. एकाही कागदात त्याचा उल्लेख नव्हता.

कागद इतके स्वच्छ निघाल्याने माझा संशय वाढला. गावातल्या चहाच्या टपरीवर मी सहज म्हणून मोहवालीबद्दल विचारले. टपरीवाला भजी तळता तळता म्हणाला, “तिची माय बी तिथीच मोह वेचे.” म्हणजे दोन पिढ्या. मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, बाईकडून लिहून घे.

चैत्र लागला होता. आदल्या रात्री कुरखेड्याला मुक्काम करून मी सकाळी सहाला त्या घरी पोहोचलो. गाडी कुंपणाबाहेर उभी केली. मोहाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. गोड, जड, थोडा आंबूस. झाडलेल्या जमिनीवर पिवळट फुले पडली होती आणि साठीची एक बाई उकिडवी बसून, दोन्ही हातांनी ती वेचून बांबूच्या टोपलीत टाकत होती. तिने मान वर केली नाही.

“घर तुमीच घेऊन राह्यले काय?”

“विचार आहे.”

“घ्या. चांगलं घर हाय. कवेलू फेरा लागते.”

“तुम्ही कधीपासून वेचता इथे, बाई?”

“मोह पडते तेव्हापासून.”

“म्हणजे किती वर्षं?”

आता तिने पाहिले. “तुमी पटवारी हाय काय?”

“नाही. पेपरात होतो.”

“तरीच लिहून घेऊन राह्यले.”

माझ्या हातात वही होती. मी ती खिशात घातली.

तिने सांगितले ते असे. गावातल्या प्रत्येक मोहाला घर ठरलेले आहे. तळ्याच्या पाळीवरचा तिच्या दिराचा. शाळेमागचे दोन अमक्या घरचे. हा तिच्या आईचा, आईनंतर तिचा. जमीन कोणाचीही असो, मोह ज्याचा त्याचा. माघात येऊन खाली झाडायचे, पाचोळा जाळायचा. ज्याने झाडले त्याचे फूल, हे गावात सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या झाडलेल्या जागेवरचे फूल कोणी उचलत नाही. घराच्या ओट्याकडे बोट करून ती म्हणाली, “माझी माय नाई चढली तिथी. मी बी नाई.”

मी ऐकले, पण विश्वास ठेवला नाही. ‘गावाला माहीत आहे’ हे वाक्य मी बातम्यांतून शेकडो वेळा काढून टाकले आहे. कोणाला माहीत आहे, कोण साक्ष देईल, ते लिहा, असे मी बातमीदारांना सांगत असे.

वकिलाने मुद्रांकावर मजकूर करून दिला होता. ‘सदर घर, खुली जागा व त्यावरील झाडे यांवर माझा कोणताही हक्क, हितसंबंध अथवा वहिवाट नाही व पूर्वीही नव्हती.’ मी कागद आणि शाईची डबी काढली. तिला म्हणालो, “यात एवढंच आहे, की या घरावर तुमचा हक्क नाही.”

हे खोटे नव्हते. मजकुरात आधी घरच होते. मी फक्त पुढचे वाचले नाही.

“घरावर हक्क नाई, हे लिहून काऊन देऊ?” ती म्हणाली. “सरपंचाच्या घरावर बी माझा हक्क नाई. त्याले बी देऊ काय लिहून?”

“वकील मागतात. पद्धत असते.”

“अन् मोहाचं काय लिवलं?”

मी कागदावर बोट ठेवले. “झाडांचाही उल्लेख आहे.”

तिने हात लुगड्याला पुसले, शाईची डबी घेतली, उघडून पाहिली आणि झाकण लावून मला परत दिली.

“एवढ्या मोठ्या कागदाले माझा अंगठा पुरत नाई, भाऊ.”

मग ती पुन्हा वेचायला लागली. फुले माझ्या बुटांजवळही पडली होती. ती तिथवर आली, माझ्याकडे न पाहता थांबली. मी दोन पावले मागे सरलो.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, काय झाले. मी सगळे सांगितले, वाचून न दाखवलेल्या मजकुरासकट. ती लाटत होती. लाटणे थांबवून म्हणाली, “तुम्ही तिले विचारायला गेलते की पकडायला?”

“खात्री करायला.”

“मले घर पाह्यजे. पण रोज सकाळी ती बाई अंगणात येईल अन् मी तिच्याकडे पाहू नाई शकणार, असं घर नको.” मग तिला खोकला आला आणि बोलणे तिथेच राहिले.

वकिलाने दुसरा मार्ग काढला. जाहीर नोटीस द्यायची, आणि खरेदीखतात झाडाचा स्वतंत्र उल्लेख घालायचा, म्हणजे पुढे कोणी तोंड उघडायला नको. नोटीस मीच लिहिली, माझ्या जुन्या पानासाठी. विरामचिन्हेसुद्धा मीच तपासली. त्या गावात आमच्या दैनिकाचा एक अंक जायचा, दुपारच्या बसने, चहाच्या टपरीवर. संध्याकाळपर्यंत त्याची पाने भज्यांखाली गेलेली असायची. बाईला वाचता येत नव्हते. पंधरा दिवस झाले. हरकत आली नाही. कायद्याने पाहिले तर सगळ्या जगाला सूचना मिळाली होती. ज्या एका व्यक्तीला मिळायला हवी होती तिला ती मिळणार नाही, हे मला नोटीस लिहिण्यापूर्वीच माहीत होते.

मेच्या अखेरीस तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात तारीख ठरली. खरेदी आम्हा दोघांच्या नावावर होती, म्हणून पत्नीही आली. कवेलू फेरणारा त्याच आठवड्यापासून लागणार होता. कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी होती. आमचे टोकन बरेच मागचे होते. दस्तलेखक, मालक आणि आम्ही दोघे एका बाकावर बसलो. मालकांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “वाचा जी. सगळं वाचा.”

दस्तलेखक भराभर वाचत गेला. नाव, वय, पत्ता, चतुःसीमा. मग सगळ्यांच्याच दस्तात असतो तो जुना मजकूर, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह’. त्याच्या खाली वकिलाने घातलेले वाक्य, ‘विशेषतः पूर्वेकडील मोहाचे झाड व त्याची फुले, फळे व उत्पन्न यांसह’.

“थांबा जी,” मालक म्हणाले. “मोह कोणी लिवला?”

दस्तलेखकाने माझ्याकडे पाहिले.

“वकिलांनी,” मी म्हणालो.

“मोह मी नाई विकून राह्यलो.”

“तुमच्याच जागेत आहे ना, भाऊ,” दस्तलेखक म्हणाला.

“जागेत हाय. माझा नाई. माझा असता त माझ्या बापानं वेचला नसता काय? घरात काई नसे त्या सालात बी आमी त्याले हात नाई लावला.”

“अरे भाऊ, लिहाची पद्धत असते. सही करा अन् मोकळे व्हा. झाड कुठी चाललं?”

“झाड नाई जात. माझं नाव जाते.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शेवटच्या क्षणी अडवून ते भाव वाढवत आहेत. ही युक्ती मी अनेकांकडून ऐकली होती. मी त्यांना बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, “अजून किती अपेक्षा आहे?”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली.

“मंग राहू द्या, साहेब. नाई विकत.”

चार महिने ते मला भाऊ म्हणत होते. साहेब पहिल्यांदा म्हणाले. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि वडशाची बस किती वाजता आहे ते कोणालातरी विचारू लागले.

मी वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, अजिबात सोडू नको. झाड सोडलेस तर त्या बाईला तुझ्या अंगणात यायची वाट लिहून दिल्यासारखे होईल; उद्या घर विकायला काढशील तेव्हा हेच आडवे येईल. व्हरांड्यात धूळ होती, लोक होते. पत्नीला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, उबळ ओसरू दिली, मग म्हणाली, “काय म्हणते तो?”

मी सांगितले.

“आपण घर विकायले घेऊन राह्यलो की राहायले?”

ती मालकांजवळ जाऊन बसली. त्यांचे काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. परत आली तेव्हा तिने माझ्या खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले.

मी मोहाचे वाक्य एका रेघेत खोडले. दस्तलेखकाने सांगितले की खाडाखोडीजवळ सर्वांना लघुसही करावी लागेल. मालकांनी पुन्हा चष्मा लावला. पत्नी वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “इथी बी झाड हाय.” तरु हा शब्दही खोडला. दोन खाडाखोडी, सहा लघुसह्या. आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी विचारले, खाडाखोड दोन्ही पक्षांना मान्य आहे का. आम्ही तिघेही हो म्हणालो. कॅमेऱ्यासमोर फोटो निघाले, यंत्रावर अंगठे झाले. बाहेर आल्यावर मालकांनी किल्ली पत्नीच्या हातात दिली, माझ्या नाही.

परतीच्या वाटेवर वकिलाचा फोन आला. तो रागावेल अशी तयारी ठेवून मी ऐकत होतो, पण तो हसत होता. “खोडलं त काय बिघडलं? जमीन गेली की तिच्यावरचं झाड सोबत येतेच. वगळलं असं कुठी लिवलं नाई ना? मंग मोह तुझाच. नुसती ओळ गेली.”

मी हे मालकांना कळवले नाही. पत्नीलाही सांगितले नाही. तसे सांगण्यासारखे काही घडले नव्हते, असे मी स्वतःला सांगत होतो.

कवेलू पावसाआधी फेरून झाले. दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही राहायला आलो. पत्नी त्या हिवाळ्यात आडवी झोपली. दोन उशांची एक झाली.

माघात एका सकाळी बाई खराटा घेऊन आली. पण झाडायला लागली नाही. कुंपणाच्या फाटकाशी उभी राहिली. पत्नीने तिला आत बोलावले, चहा ठेवते म्हणाली. बाई आत आली, ओट्यापासून चार हातांवर थांबली.

“कागद दाखवा, भाऊ,” ती मला म्हणाली.

मालकांनी तिला वडशाहून निरोप पाठवला होता की मोह कागदातून काढला. तिला ते पाहायचे होते. मी खरेदीखत आणले, ते पान उघडले, खोडलेली ओळ दाखवली. तिने रेघेवरून बोट फिरवले, मग समासातल्या सह्यांवर.

“ह्या कोणाच्या?”

“एक वडशाच्या भाऊंची. एक माझी. एक हिची.”

“अन् मोह कोणाचा, ते कुठी लिवलं?”

“लिहिलेलं नाही. खोडलं आहे.”

“खोडलं म्हणजे कोणाचा झाला?”

पत्नी चहाचा कप हातात धरून माझ्याकडे पाहत होती.

“भाऊ म्हातारा झाला,” बाई म्हणाली. “तो मेल्यावर खोडलेलं कोण सांगन? तुमी?”

तिने कोणत्याही वकिलाला विचारले नव्हते. जी पळवाट वकिलाने मला फोनवर सांगितली, ती तिने समासातल्या तीन सह्या मोजून शोधली होती. मी चार महिने तिच्यावर आणि मालकांवर संशय घेतला. त्या चार महिन्यांत मला जे सापडले नाही ते तिला एका पानावर सापडले. संशयाची सवय माझी होती. नेमका संशय तिचा निघाला.

मी तिला वकिलाचे म्हणणे सांगितले. या वेळी सगळे. कायद्याने झाड जमिनीबरोबर येते, वेगळे लिहिले नसेल तर ते आज माझे ठरू शकते, हेही सांगितले. पत्नीने कप ओट्यावर ठेवला.

“मंग लिहा,” बाई म्हणाली.

पंधरा दिवसांनी चूक दुरुस्तीचा दस्त नोंदवला. मालक वडशाहून बसने आले. मजकूर मी लिहिला, एकच वाक्य: ‘पूर्वेकडील मोहाचे झाड, त्याची फुले व फळे, आणि ती पिढ्यानपिढ्या वेचणाऱ्या घराण्याची झाडाखालच्या जागेची परंपरागत वहिवाट या विक्रीत समाविष्ट नाही व पूर्वीही नव्हती.’ ‘व पूर्वीही नव्हती’ हे शब्द मी बाईला अंगठ्यासाठी नेलेल्या कागदावरून घेतले. मालकांनी वाक्य दोनदा वाचून घेतले, सही केली, आणि जाताना मला पुन्हा भाऊ म्हणाले. वकील रागावला, घराची किंमत मी स्वतःच्या हाताने कमी केली, असे त्याचे मत आहे. ते बरोबर असावे.

नक्कल काढून मी बाईच्या घरी नेऊन दिली. कार्यालयात अर्ज केला तर अशी प्रत कोणालाही मिळते, हेही तिला सांगितले. तिने मान हलवली, कागदाची घडी घातली. नंतर कळले की तिने तो आधी शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याकडून, दोघांना एकमेकांचे न सांगता. दोघांनी सारखेच वाचले.

त्यानंतरच्या सकाळी खराट्याचा आवाज आला. मी बाहेर आलो. ती अर्धा घेर झाडून झाली होती आणि उरलेल्या अर्ध्यात, सावली बरी म्हणून, मी आदल्या दिवशी लावलेली माझी गाडी होती.

“गाडी काढा,” ती म्हणाली. “इथी फूल पडते.”

मी किल्ली आणायला आत गेलो.